जमीन का मरते?

आपल्या शेताच्या कडेला एखादे जुने झाड असेल. बाभूळ असेल, लिंब असेल. उद्या शेतात गेलात म्हणजे त्या झाडाच्या बुडाशी घटकाभर बसा. त्याच्या मुळांकडे पाहा. मुळे जमिनीच्या वर आलेली दिसतात का?

झाड रुजले तेव्हा ती मुळे मातीत होती. मुळे काही आपण होऊन वर चढत नाहीत. माती खाली गेली, म्हणून मुळे उघडी पडली.

एका गावी रात्रीच्या वर्गात आम्ही ही गोष्ट काढली. तेव्हा एक आजोबा म्हणाले, "आमच्या शेतातला लिंब माझ्या बापानं लावला. मी लहान होतो तेव्हा त्याची एक मुळी दिसत नव्हती. आता मुळीखालून कोंबडी पार होते."

सगळे हसले. आजोबा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "हसू नका रे. ती माती गेली कुठं? अन् माझ्या नातवाला काय राहणार?"

हा प्रश्न मोठा आहे. त्यासाठीच हा पाठ लिहिला आहे.

गावात कोणी म्हणतात, "कलियुग आले. धरणीने सत्त्व सोडले." कोणी म्हणतात, "नशिबाचा खेळ आहे." आम्हाला हे पटत नाही. आपल्यासारख्याच शेतकऱ्यांच्या जमिनी जगात अनेक देशांत बिघडल्या. काही शंभर वर्षांपूर्वी बिघडल्या, काही चार हजार वर्षांपूर्वी. जाणत्या माणसांनी तेथे जाऊन शोध केला. प्रत्येक ठिकाणी कारण सापडले. ज्याला कारण आहे, त्याला बहुधा उपायही असतो.

आधी एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. जमीन खोल असली तरी तिचा कस वरच्या वीत-दीड वीत मातीत असतो. पाला कुजतो तो तेथेच. गांडुळे राहतात ती तेथेच. खडक झिजून आणि पाला कुजून अशी इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. म्हणजे किती पिढ्या झाल्या बघा! आणि ती घालवायला? काही वर्षे पुरतात.

संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती यांसाठी एक संघटना आहे. तिने २०१५ साली साऱ्या जगातल्या मातीचा हिशोब मांडला. जगातल्या मातीचे तीन वाटे केले, तर त्यांतला एक वाटा बिघडलेला आहे, असे तिने सांगितले.

ही माती कशी बिघडली? चला, काही देशांच्या शिवारांतून फिरून येऊ.

१. नांगर आणि वारा

पहिला देश अमेरिका. त्या देशाच्या मध्यभागी मोठमोठी सपाट माळराने आहेत. तेथे पाऊस कमी आणि वारा फार. पूर्वी तेथे कोसच्या कोस गवत होते. गवताच्या मुळ्यांनी माती घट्ट धरून ठेवली होती. त्या गवतावर रानगव्यांचे कळप चरत.

१८६२ साली तेथल्या सरकारने कायदा केला. जो माणूस येऊन जमीन कसेल, त्याला १६० एकर जमीन मिळू लागली. माणसे लांबून लांबून आली. जमीन मिळाली याचा त्यांना आनंद झाला. त्या काळी तेथे एक समजूत पसरली होती. लोक म्हणत, जेथे नांगर जातो, तेथे मागोमाग पाऊस येतो. ही समजूत खोटी होती. पण काही वर्षे पाऊस बरा झाला, आणि लोकांना ती खरी वाटली.

पुढे १९१४ साली पहिले महायुद्ध लागले. गव्हाचा भाव चढला. शेतकऱ्यांनी आणखी गवत मोडले आणि गहू पेरला. मग ट्रॅक्टर आले. जे काम बैलांना किंवा घोड्यांना महिना लागे, ते थोड्या दिवसांत होऊ लागले. लढाई संपल्यावर काही वर्षांनी भाव पडला. आता शेतकऱ्याने काय करावे? डोक्यावर कर्ज होते. भाव निम्मा झाला तर दुप्पट पिकवू, असे त्याने ठरवले. उरलेसुरले गवतही नांगराखाली गेले.

१९३१ पासून पाऊस रुसला. पीक उगवले नाही. गवत तर आधीच मोडले होते. उघड्या जमिनीवर वारा सुटला, आणि माती उडू लागली. साधी धूळ नव्हे ती. शेतातली कसाची माती होती. मातीचे डोंगरच्या डोंगर आकाशात चढत. भर दुपारी दिवे लावावे लागत. मातीने कुंपणे बुजली, विहिरी बुजल्या. गुरे गुदमरून मेली. माणसांच्या छातीत माती जाऊन माणसेही दगावली. मे १९३४ मध्ये ही माती उडत उडत शेकडो कोस दूर न्यूयॉर्क शहरावर पडली. त्याच्याही पुढे, समुद्रातल्या जहाजांवर पडली. १४ एप्रिल १९३५ हा रविवार होता. त्या दिवशी एवढे मोठे वादळ आले, की लोक आजही त्याला 'काळा रविवार' म्हणतात.

१९४० पर्यंत त्या भागातली सुमारे २५ लाख माणसे घरदार सोडून गेली. पोराबाळांसह मजुरीला परमुलखात गेली. ज्यांची १६० एकर जमीन होती, ते दुसऱ्याच्या मळ्यात फळे तोडू लागले.

ह्यू बेनेट नावाचे एक माती जाणणारे गृहस्थ होते. माती चालली आहे, असे ते कित्येक वर्षे सांगत होते. कोणी मनावर घेतले नव्हते. आता सरकार जागे झाले. एप्रिल १९३५ मध्येच माती राखण्याचा कायदा झाला. मग शेतकऱ्यांना उताराला आडवी नांगरट करायला शिकवले. शेतात धसकटे राखायला सांगितले. पुष्कळ जमिनीवर पुन्हा गवत लावले. वारा अडवण्यासाठी १९४२ पर्यंत सुमारे २२ कोटी झाडे लावली. तेथली शेती सावरली. पण गेलेली माती मात्र परत आली नाही.

येथे काय शिकलो? जमिनीच्या अंगावर काहीतरी पांघरूण पाहिजे. पीक असो, गवत असो, पाला असो, नाही तर धसकटे असोत. उघडी जमीन वाऱ्याची धनी होते.

२. पाणी आणि मीठ

पहिल्या गोष्टीत पाणी नव्हते म्हणून जमीन गेली. मग पाणी असले म्हणजे झाले, असे वाटेल. आता दुसरी गोष्ट ऐका. येथे पाण्यानेच जमीन मारली.

इराक नावाचा देश आहे. तेथे तैग्रीस आणि युफ्रेटिस या दोन नद्या वाहतात. जगातली अगदी जुनी शेती या नद्यांकाठी झाली. पाच हजार वर्षांपूर्वी तेथल्या लोकांनी पाट काढले आणि गहू, सातू पिकवला. धान्य भरपूर झाले, म्हणून मोठी शहरे वसली. ते लोक ओल्या मातीच्या पाट्यांवर हिशोब लिहीत. त्या पाट्या आजही आहेत. त्या वाचून अभ्यासकांनी एक अनुमान काढले. देशाच्या दक्षिण भागात हळूहळू गहू कमी होत गेला आणि सातू वाढत गेला. असे का? कारण गव्हाला खारट जमीन सोसत नाही; सातूला थोडी सोसते. म्हणजे जमीन खारट होत चालली होती.

गोड्या पाण्याने जमीन खारट कशी होते? हे कोडे घरच्या घरी सुटते. पाण्याचा जुना माठ पाहा. बाहेरून त्याच्यावर पांढरे पुट चढलेले असते. माठातले पाणी पाझरून बाहेर येते आणि उडून जाते. त्या पाण्यात जो थोडासा क्षार असतो, तो मात्र माठावरच राहतो. कारण क्षार उडत नाही.

शेताचेही तसेच आहे. आपण भरमसाट पाणी देतो. पिकाला लागते तेवढे पीक घेते. बाकीचे खाली मुरते. निचरा नसला, तर ते खाली साठते आणि पाण्याची पातळी वर वर येते. मग दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तशी माती ते पाणी वर ओढते. उन्हाने पाणी उडून जाते. मीठ वर राहते. एका वर्षी दिसत नाही, दहा वर्षांनी दिसते. शेत पांढरे पडते.

तुम्ही म्हणाल, चार हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना हे ठाऊक नव्हते. खरे आहे. पण अलीकडचे काय?

मध्य आशियात अरल नावाचे एक प्रचंड तळे आहे. त्याला समुद्रच म्हणतात. १९६० साली ते जगातले चौथ्या क्रमांकाचे तळे होते. महाराष्ट्राचे पाच वाटे केले, तर त्यांतल्या एका वाट्याहून मोठे! अमू दर्या आणि सीर दर्या या दोन नद्या त्याला पाणी पुरवीत. तेव्हा तो मुलूख सोव्हिएत सरकारकडे होता. वाळवंटात कापूस पिकवायचा, असे सरकारने ठरवले. दोन्ही नद्यांचे पाणी कालव्यांनी वळवले. कालवे बरेचसे मातीचे होते. पुष्कळ पाणी वाटेतच पाझरून जाई.

कापूस खूप झाला. पण नद्या तळ्यापर्यंत पोचेनात. तळे आटत चालले. २००७ सालापर्यंत दहा वाट्यांतला जेमतेम एक वाटा उरला. ज्या गावी बंदर होते, तेथे जहाजे वाळूत रुतून बसली. मासेमारी बुडाली. उघड्या पडलेल्या तळातले मीठ वाऱ्याने उडून माणसांच्या अंगावर आणि शेतांवर पडू लागले. शिवाय शेतातही खालून मीठ वर आले होतेच. वरून मीठ आणि खालून मीठ! आता तेथले शेतकरी पेरणीआधी शेतात पाणी सोडून मीठ धुऊन काढतात. म्हणजे ज्या पाण्याने मीठ आणले, तेच पाणी पुन्हा मीठ धुण्यासाठी खर्च करावे लागते.

२००५ साली कझाकस्तान देशाने तळ्याच्या उत्तर भागाला बांध घातला. तेवढ्या भागात पाणी परत चढले आणि मासेही परत आले. दक्षिणेचा मोठा भाग मात्र कोरडाच आहे.

आता जरा आपल्या घरी येऊ. सांगली, कोल्हापूर भागात कृष्णा आणि वारणा यांच्या काठी काळीभोर जमीन आहे. तेथे नदीचे पाणी उचलून ऊस लावला. उसाने घरे उभी केली, पोरे शिकवली. हे खोटे नाही. पण काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही, लवकर हटतही नाही. पाण्यावर पाणी दिले, ऊसावर ऊस घेतला. हजारो एकर जमीन चिबड झाली, पांढरी पडली. तेथले लोक म्हणतात, "जमिनीला मीठ फुटलं." इराकात जे झाले, तेच हे.

याला उपाय आहे. जमिनीत चर घ्यायचे आणि बारीक भोकांचे पाइप पुरायचे. खालचे खारट पाणी पाइपांतून ओढ्याला जाते. पण एक अडचण आहे. तुमचे पाणी ओढ्याला जायचे, तर ते शेजाऱ्याच्या शेतातून जाणार. वरच्या शेतकऱ्याने पाणी जास्त दिले, तर खालच्याच्या शेतात ते वर येणार. म्हणून एकट्याने हे काम होत नाही. दहा-वीस जणांनी मिळूनच करावे लागते. बांधावरून भांडणाऱ्यांची जमीन मिठाने खाल्ली, तर मीठ कोणाचा सातबारा पाहत नाही.

येथे काय शिकलो? पाणी आत यायला पाट हवा, तसा बाहेर जायलाही वाट हवी. आणि पीक मागेल तेवढेच पाणी द्यावे.

३. उतार आणि पूर

तिसरा देश चीन. चीनच्या उत्तरेला पिवळ्या मातीचे पठार आहे. ही माती वाऱ्याने लाखो वर्षांत आणून टाकलेली आहे. काही ठिकाणी ती तीनशे फुटांहून खोल आहे. मऊ, भुसभुशीत माती. नांगराला सोपी आणि पाण्याला त्याहून सोपी!

या पठारावर शेती फार जुनी आहे. वस्ती वाढली तशी लोकांनी झाडे तोडली. सपाट जमीन पुरेना, म्हणून डोंगराचे उतार नांगरले. उरलेल्या उतारांवर शेळ्या-मेंढ्या सोडल्या. त्यांनी गवत मुळापासून खाल्ले. मग पाऊस आला की माती वाहू लागली. आधी शेतात बोटभर ओहोळ पडतो. दुसऱ्या वर्षी त्याची नाली होते. पुढे तिची घळ होते. सारे पठार असे घळींनी फाटून गेले.

ही माती कोठे गेली? ती नदीत गेली. त्या नदीचे नावच पिवळी नदी आहे. एके काळी ती दर वर्षी सुमारे १६० कोटी टन माती वाहून नेत होती. खाली मैदानात आल्यावर ही माती नदीच्या तळाशी बसे. नदीचे पात्र आजूबाजूच्या शेतांहून उंच झाले. लोकांनी काठांना बांध घातले. नदी आणखी उंच झाली. मग एखाद्या वर्षी बांध फुटे. १८८७ सालच्या पुरात लाखो माणसे मेली. डोंगरावरच्या शेतकऱ्याची माती गेली, आणि मैदानातल्या शेतकऱ्याचा जीव गेला.

पुढे काय झाले ते ऐकण्याजोगे आहे. १९९४ साली सरकारने जागतिक बँकेचे कर्ज घेऊन मोठे काम सुरू केले. उतारांवर पायऱ्यांसारखी सपाट शेते केली. डोंगरमाथ्यावर झाडे आणि गवत लावले. शेळ्या-मेंढ्या मोकळ्या सोडायला बंदी केली. त्यांना दावणीला चारा घालायचा. घळींना आडवे बांध घातले.

पण उतार नांगरू नको म्हटले, तर गरिबाने खायचे काय? हा प्रश्न कोणीही विचारील. म्हणून १९९९ पासून सरकारने दुसरी योजना काढली. जो शेतकरी उभ्या उताराची शेती सोडील आणि तेथे झाडे किंवा गवत लावील, त्याला सरकारने काही वर्षे धान्य आणि पैसे दिले. पोटाची सोय झाली, मग उतार सुटला. काही कोरड्या ठिकाणी चूकही झाली. जेथे गवतच बरे होते, तेथे झाडे लावली, आणि ती पाण्यावाचून वाळली. तरीही पुष्कळ डोंगर हिरवे झाले. नदीतून जाणारी माती पूर्वीच्या मानाने फारच कमी झाली आहे. नदीवरच्या धरणांचाही त्याला हातभार लागला.

येथे काय शिकलो? पळणाऱ्या पाण्याला चालायला लावावे, चालणाऱ्याला थांबवावे. उपदेश करताना आधी उपाशी माणसाच्या ताटाकडे पाहावे.

४. उपाशी जमीन

चौथा देश आफ्रिकेत आहे. त्याचे नाव बुर्किना फासो. तेथले शेतकरी ज्वारी आणि बाजरी पिकवतात. म्हणजे आपलेच भाऊबंद म्हणा ना!

पूर्वी ते काही वर्षे शेत पिकवीत आणि मग बरीच वर्षे पड टाकीत. पड जमिनीत झुडपे वाढत, पाला पडे. जमीन विसावा घेई. पुढे माणसे वाढली. पड टाकायला जमीन उरली नाही. दर वर्षी तेच शेत, तेच पीक. ताटे जनावरांना आणि चुलीला गेली. शेतात परत काहीच गेले नाही. त्यातच १९६८ पासून मोठे दुष्काळ पडले. जमीन दगडासारखी कडक झाली. तिच्यावर खपली धरली. पाऊस पडला तरी पाणी आत जाईना. वरून वाहून जाई. पुष्कळ लोक गाव सोडून गेले.

त्या भागात याकूबा सावदोगो नावाचा शेतकरी होता. त्याने गाव सोडले नाही. तेथे जुन्या काळी शेतात लहान खड्डे घेऊन पेरायची रीत होती. ती मागे पडली होती. सावदोगोने १९८० नंतर ती पुन्हा धरली आणि सुधारली. ऐन उन्हाळ्यात त्याने खड्डे खणले. खड्डा साधारण वीतभर रुंद, वीतभर खोल. एकरात असे काही हजार खड्डे. प्रत्येकात मूठ-दोन मुठी शेणखत आणि पाला टाकला. खतामुळे वाळवी आली. वाळवी म्हटली की आपण घाबरतो. पण या वाळवीने कडक जमिनीत बारीक बिळे पाडली. पहिला पाऊस पडला तो बिळांतून आत मुरला. खड्ड्यात ज्वारी आली, बाजरी आली. खतातल्या बियांची झाडेही उगवली. त्याने ती उपटली नाहीत.

लोक त्याला वेडा म्हणाले. उन्हाळ्यात कोणी शेत खणतो का? एकदा त्याने वाढवलेल्या झाडांना आगही लावली गेली. त्याने पुन्हा झाडे वाढवली. हळूहळू लोक पाहायला येऊ लागले. मग तो बाजार भरवी आणि येणाऱ्यांना खड्डे दाखवी, बी देई. जेथे गवत उगवत नव्हते, तेथे एकरच्या एकर रान उभे राहिले. २०१८ साली त्याला मोठा जागतिक सन्मान मिळाला. २०२३ साली तो वारला.

त्याच भागात शेतकऱ्यांनी उताराला आडव्या दगडांच्या ओळी रचल्या. ओळ एका पातळीत कशी ठेवायची? त्यांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरली. आपला गवंडी भिंतीची पातळी नळीने पाहतो ना? तसेच. त्यासाठी साहेब लागला नाही.

येथे काय शिकलो? जमीन ही गाय आहे. दूध काढायचे आणि वैरण घालायची नाही, असे किती दिवस चालेल? नुसत्या पोत्यातल्या खताने पिकाला खुराक मिळतो. पण मातीचे अंग भुसभुशीत राहायला शेणखत, पाला, काडीकचराच लागतो.

५. दोष कोणाचा?

चार शिवारे पाहिली. एका ठिकाणी वारा, एका ठिकाणी मीठ, एका ठिकाणी पूर, एका ठिकाणी भूक. पण मागचा हात कोणाचा होता?

अमेरिकेत चढत्या-पडत्या भावाने आणि कर्जाने शेतकऱ्याला पळवले. अरलकाठी सरकारच्या हुकमाने नद्या वळल्या. चीनमध्ये पोटासाठी उतार नांगरला गेला. बुर्किना फासोत जमीनच अपुरी पडली. आपल्या धरणीचे वाईट व्हावे, असे कोणाही शेतकऱ्याला वाटले नव्हते. पण सगळीकडे उद्याचे आजच खाल्ले गेले.

म्हणून नुसता शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. आणि नुसते सरकारकडे बोट दाखवूनही भागणार नाही. शेणखत घालणे, आडवी नांगरट करणे, बांध राखणे, पाणी बेताने देणे, हे ज्याचे त्याने करायचे. निचऱ्याचे चर काढणे, डोंगरावरची चराई बांधून घेणे, ओढ्याला बांध घालणे, हे गावाने मिळून करायचे. भाव, कर्ज आणि पडत्या काळात पोटाची सोय, हे सरकारने पाहायचे. त्यासाठी ग्रामसभेत उठून बोलले पाहिजे. आता तुम्हाला लिहिता-वाचता येते. अर्जही लिहिता येईल.

त्या रात्री आजोबांनी विचारले होते, माती गेली कुठे? माती ओढ्यात गेली, नदीत गेली, धरणाच्या तळाशी गेली. ती परत आणता येणार नाही. पण जी उरली आहे, ती राखता येईल. नातवाचा वाटा त्या उरलेल्या मातीतच आहे.

करून पाहा

१. शेतातल्या जुन्या झाडाचे मूळ किती उघडे पडले आहे, ते बोटांनी मोजा. वहीत लिहून ठेवा. पाच वर्षांनी पुन्हा मोजा.

२. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याचे पाणी तांब्याभर आणा. काचेच्या बाटलीत ओतून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी जी माती बसेल, ती कोणाच्या तरी शेताची आहे.

३. बागायत शेत असेल, तर उन्हाळ्यात पांढरे पुट दिसते का, ते पाहा. विहिरीचे पाणी दर वर्षी वर येत असेल, तर सावध व्हा.

४. पावसाळ्यात कुदळीने वीतभर माती उलटा. गांडुळे दिसतात का? किती?

प्रश्न

१. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी भाव पडल्यावर जास्त जमीन का नांगरली? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते?

२. गोड्या पाण्याने जमीन खारट कशी होते? माठाचे उदाहरण देऊन घरातल्या माणसांना समजावून सांगा.

३. चीनमध्ये उताराची शेती सोडणाऱ्याला धान्य का दिले?

४. सावदोगोच्या खड्ड्यात वाळवीने काय काम केले?

५. तुमच्या गावात जमीन कोणत्या वाटेने जात आहे? वाऱ्याने, पाण्याने, मिठाने, की भुकेने? चार ओळी लिहून वर्गात वाचून दाखवा.